युद्धनौकेचे आकडे घाईने पक्के करू नका : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. जहाजांच्या पाइपलाइनला लागणारे फ्लँज (पाइप बोल्टने जोडायच्या चकत्या) आणि व्हॉल्व्ह बॉडी आम्ही बनवतो.

आपल्याकडे प्रस्ताव मागवण्याआधीच एसक्यूआर, म्हणजे वेग, वजन अशा नौदलाच्या गरजा, आकड्यांत पक्क्या होतात. पण जहाजात सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. रडार जड झालं की वजन वर सरकतं, तोल सांभाळायला रुंदी वाढवावी लागते, रुंदी वाढली की इंजिन कमी पडतं. या ओढाताणीचा शेवटचा फटका आमच्या शेडमध्ये बसतो. जॉब मशीनवर चढलेला असताना ड्रॉइंगची नवी रिव्हिजन येते, बोल्टची भोकं आठाची बारा होतात आणि तयार माल भंगारात जातो.

यावर सेट-बेस्ड डिझाइन ही पद्धत आहे. टोयोटाच्या गाड्या अशा घडतात, हे १९९५ साली अभ्यासकांनी मांडलं. २००८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाने जहाजावरून किनाऱ्यावर सैन्य उतरवणाऱ्या जुन्या एलसीएसी हॉवरक्राफ्टची जागा घेणाऱ्या नव्या यानासाठी ती वापरली. या पद्धतीत हल (जहाजाचं मुख्य धड), इंजिन, शस्त्रं यांवर काम करणारे गट एकेक आकडा देत नाहीत, किमान-कमाल मर्यादा देतात. सगळ्यांना चालेल तेवढा भाग शिल्लक ठेवायचा आणि जे जमणार नाही असं सिद्ध होईल तेच वगळायचं.

आपल्या विमानवाहू विक्रांतचंच बघा. तिच्या विमानांच्या लिफ्ट पंख दुमडणारं मिग-२९के डोळ्यांपुढे ठेवून आखल्या गेल्या. एप्रिल २०२५ मध्ये करार झाला तो २६ राफेल-एमचा, आणि त्याचे पंख दुमडत नाहीत, त्यामुळे त्या लिफ्टमध्ये तो सहज बसत नाही. विक्रांतचा मला अभिमान आहे, म्हणूनच ही चुटपुट लागते. चाळीस-चाळीस वर्षं चालणाऱ्या जहाजावर उद्या कोणतं विमान उतरेल, हे आज कोण सांगणार?

सुरुवातीला या पद्धतीत वेळ जास्त जातो, नेव्हल आर्किटेक्टही जास्त लागतात. तो खर्च करा. कापलेली प्लेट पुन्हा कापण्यापेक्षा तो नक्कीच स्वस्त पडेल.

माझी मागणी मोठी नाही. विनाशिका राहू द्या, आधी एखादं लहान सहाय्यक जहाज घ्या. त्याच्या एसक्यूआरमध्ये वेग, वजन आणि वीजक्षमता प्राथमिक डिझाइन संपेपर्यंत मर्यादेच्या स्वरूपात ठेवा. कोणता पर्याय का वगळला, याची नोंद नौदलाच्या वॉरशिप डिझाइन ब्युरोने (युद्धनौकांचे आराखडे करणाऱ्या विभागाने) जपावी. आणि कास्टिंग, मशिनिंग करणाऱ्यांना टेंडरनंतर नाही, त्या चर्चेतच बोलवा. कोणतं माप आमच्याकडे निघेल आणि कोणतं नाही, हे आम्ही तेव्हाच सांगू शकतो.

आपला,
अंबडमधील एक लघुउद्योजक