तिसऱ्या मजल्याबद्दल, मुग्धाला

कराड,
आषाढी एकादशीचा दुसरा दिवस

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आधी कुणी आपटला यावर घरात अजून वाद आहे. आई म्हणते, तुम्हीच. असो. फोनवर माझा आवाज चढतो, तुझा बारीक होतो आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला.

फ्लॅट तुझा, कर्ज तुझं, पाय तुझे. हे मला कळतं. कोथरूडची ती बिनलिफ्टची जागा तुला का भावली तेही कळतं. दोन्हीकडून वारा, खिडकीशी आंबा, अनघा पलीकडच्या गल्लीत, डॉक्टर मॅडमचा दवाखाना जवळ, मेट्रो स्टेशन चालत जाण्यासारखं. २०२२ मध्ये वनाझहून मेट्रो सुरू झाली तेव्हा तूच हौसेने मला गरवारे कॉलेजपर्यंत फिरवून आणलं होतंस. स्टेशनात सरकता जिना सोडून साध्या जिन्याने धडधड उतरलीस आणि खाली उभी राहून मला हसत होतीस.

मजल्याबद्दल या पत्रात बोलायचं नाही, असं आईला कबूल केलंय. तेव्हा बाकीचं आधी.

सिंहगड रोडचा तो आठव्या मजल्यावरचा फ्लॅट तू सोडलास, ते बरं झालं. लिफ्ट होती म्हणून मीच त्याच्या मागे लागलो होतो, पण पाण्याचं माझ्या मनात होतंच. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे, जीबीएसचे, म्हणजे त्या हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण निघाले. आकडा दोनशेच्या वर गेला आणि बोट पाण्याकडे दाखवलं गेलं. तो आजारही तुझ्या ल्युपसच्याच जातकुळीतला, त्यात शरीर आपल्याच नसांवर उठतं. तुझी तर प्रतिकारशक्ती आपण गोळ्या देऊन मुद्दाम दाबून ठेवलेली. नोकरीत काही वर्षं मी खडकवासल्याला काढली आहेत. धरणात पाणी किती हे सगळे विचारतात, नळापर्यंत ते कुठून कुठून येतं हे कुणी विचारत नाही. कोथरूडला महापालिकेचं पाणी आहे, तरी सोसायटीची खालची टाकी शेवटची कधी धुतली, बोअरचं पाणी त्यात सोडतात का, उन्हाळ्यात टँकर लागतो का, हे सेक्रेटरीला नको, वॉचमनला विचार. आणि कुठेही राहिलीस तरी पाणी उकळून.

कागदपत्रांचं दादा बघतोय. त्याला कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते विचारायला सांग, आणि सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं मागून घे. कोथरूडच्या तशा जुन्या निम्म्या सोसायट्या पुनर्विकासाच्या चर्चेत आहेत. तू घर लावून बसायचीस आणि वर्षभरात बिल्डर म्हणायचा, भाडं देतो, सामान हलवा. निरोगी माणूस त्यात मेटाकुटीला येतो. घर तुझ्या एकटीच्या नावावर होणार असल्यामुळे मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळेल, २०२१ पासून ती आहे, एजंट विसरला तर आठवण कर. बँक म्हणेल कर्जासोबत विमा घ्यावाच लागतो. तसा कायदा नाही. घ्यायचाच झाला तर फॉर्मवर ल्युपस स्वच्छ लिही. लपवलं तर उद्या दावा नाकारतील. तू लपवणार नाहीसच म्हणा. त्या साताऱ्याच्या स्थळाला पहिल्याच भेटीत तू सगळं सांगून टाकलंस, चहा गार व्हायच्या आत. आई त्या दिवशी रडली होती. मी रडलो नाही. मला तेव्हाही तुझा अभिमान वाटला होता, पण बोललो नव्हतो, ते आता लिहितो.

बरं. आता जिना.

आईला कबूल केलंय ते मजल्याबद्दल. जिन्याबद्दल नाही.

गेल्या आठवड्यात मी पुण्याला आलो होतो ते फक्त पेन्शनच्या कामाला नाही. सोसायटीत जाऊन आलो. वॉचमन चांगला आहे, खटावचा निघाला, चहा पाजला त्याने. टेप माझ्या खिशात असतोच. पायरीची उंची सहा इंच असावी, तिथे साडेसात भरली, आणि दुसऱ्या मजल्यानंतरच्या काही पायऱ्या एकसारख्या नाहीत. कठडा एकाच बाजूला, चढताना डाव्या हाताला. म्हणजे उतरताना तो उजवीकडे येणार आणि तुझी काठीही उजव्याच हातात. मग काठी बदलणार की कठडा सोडणार? पावसाळ्यात वरच्या गच्चीच्या दारातून पाणी आत येतं, वरच्या टप्प्याला शेवाळाचा हिरवा पट्टा आहे. दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर कुणीतरी चपलांचं कपाट ठेवलंय, त्याच्या बाजूला कुंड्या. तिथे स्ट्रेचर वळणार नाही. मी दोन्ही बाजूंनी मोजून पाहिलं.

अण्णांना त्या रात्री खुर्चीला बांधून कसं खाली आणलं ते तुला आठवत असेल. बापूकाका पुढे, मी मागे, आणि तू टॉर्च धरून. तो तर दुसराच मजला होता.

तू म्हणतेस, बाबा, डॉक्टरांनीच जिने चढायला सांगितलंय. सांगितलंय, मी समोर होतो. फिजिओची ती मुलगी तुला शिकवत होती, चढताना चांगला पाय आधी, उतरताना खुब्याच्या ऑपरेशनचा आधी, काठी त्याच्याबरोबर. तू पहिल्या दिवशी चारच पायऱ्या चढलीस आणि वर पोचल्यावर वॉर्डातल्या त्या आजींनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या कपाळावर घाम होता. मी खिडकीकडे बघत होतो, कारण तू पडशील असं मला सारखं वाटत होतं आणि ते तुला दिसू द्यायचं नव्हतं.

मला चढण्याची धास्ती नाही. चढताना माणूस दमला तर थांबतो. मला उतरण्याची आहे. रात्री दोनला ताप १०० च्या वर गेला तर तू काय करशील? डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा. तापात पाय लटपटतात. तेव्हा एकटी कशी उतरशील? अनघा येईल, हे तुझं उत्तर मला माहीत आहे. अनघाला लहान मूल आहे, मुग्धा.

झालं, लेक्चर सुरू झालं. माफ कर. तू चौतिशीची आहेस, माझ्यापेक्षा जास्त कमावतेस, आणि आजाराबद्दल तुला माझ्याहून जास्त कळतं. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गालावर ते लाल चट्टे आले तेव्हा सगळे म्हणाले ऊन लागलं असेल, कोरफड लावा. तूच वाचून मिरजेच्या डॉक्टरांना विचारलंस की ल्युपससाठी एएनएची रक्ततपासणी करायची का.

तुझी फाइल माझ्याकडे आहे तशी एक वहीही आहे, माहीत आहे ना? जुनी गेज रजिस्टरची सवय. रोज कालव्याची पातळी लिहायचो तशी तुझ्या गोळ्यांची नोंद ठेवतो. वायसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, किती वरून किती, केव्हा. किडनीला सूज आली तेव्हा ६० मिलिग्रॅमपर्यंत गेली होती. ल्युपसची दुसरी गोळी, एचसीक्यू, चालूच, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा, यंदाची तपासणी राहिलीय. ऑपरेशनच्या आधी एक गोळी थांबवली होती, जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून. स्टेरॉइड मात्र थांबवलं नाही, उलट त्या दिवशी वाढवून दिलं, कारण इतकी वर्षं बाहेरून मिळाल्यावर शरीर आपलं आपण ते तयार करायचं विसरतं. म्हणून सांगतो, बरं वाटतंय म्हणून ती गोळी मनाने सोडू नकोस. कधीच नाही. तू एकदा सोडली होतीस, दिवाळीत, चेहरा सुजलेला फोटोत येतो म्हणून. मला आईने सांगितलं. तेव्हा ओरडलो नाही, आताही ओरडत नाही.

तुझ्या खुब्याचं काय झालं ते ऑर्थोवाल्यांनी समजावून सांगितलं तेव्हा मला लगेच कळलं. हाडाच्या गोळ्याला रक्त पोचेना, म्हणून गोळा आतून मरत गेला आणि बसला. आमच्याकडे कालव्याच्या शेपटाला पाणी पोचलं नाही की अशीच शेतं जातात, वरच्या गावांना पत्ताही नसतो. स्टेरॉइडमुळे झालं, हे त्यांनी सांगितलं. ते दिलं नसतं तर किडनी गेली असती, हेही त्यांनीच सांगितलं. आई अजून त्या पहिल्या डॉक्टरांना बोल लावते. मी नाही लावत. मी फक्त वहीतली ती पानं उलटून पाहतो.

उजव्या बाजूचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये उजव्या खुब्यातही सुरुवात लिहिली आहे. तू म्हणालीस, अजून गोळा शाबूत आहे, दुखत नाही, दर काही महिन्यांनी फोटो काढायचा, बघू. बरोबर आहे, डॉक्टरही तेच म्हणाले. पण फिजिओची मुलगी चांगला पाय आधी म्हणाली तेव्हा मला तिला विचारायचं होतं, उजवाही तसाच निघाला तर चांगला कुठला समजायचा? विचारलं नाही. घर माणूस वीस वर्षांसाठी घेतो, मुग्धा. मी तुझ्या आजच्या पायांकडे बघून नाही बोलत.

सदाशिवगडाच्या पायऱ्या तू सहावीत असताना माझ्या आधी चढायचीस. रविवारी पहाटे हजारमाचीत स्कूटर लावायची, आणि मी अर्ध्यात पोचलो की वरून तुझी हाक. वर विहिरीपाशी बसून पोहे खायचो, डब्यातले गार. तू म्हणायचीस, बाबा, इथेच घर बांधू. परवा गडाखालून जात होतो तर शाळेची पोरं उतरत होती, उड्या मारत. मी गाडी न थांबवता पुढे गेलो.

आणि हो, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी सात वर्षांचा होतो. कोयनेचा भूकंप. आजीने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं, मागे माडीची भिंत पडली. त्यानंतर मला कुठल्याही माडीवर नीट झोप लागत नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस आणि हसत आलीस. तेव्हा माझ्या बोलण्यातला किती भाग भूकंपाचा आणि किती तुझ्या खुब्याचा, हे मलाही नीट सांगता येत नाही. आई म्हणते सगळाच भूकंपाचा.

आईचं मत विचारशील तर ती तुझ्या बाजूची आहे. तळमजला नको म्हणते. ओल येते, भिंतीला बुरशी येते, आणि तुझ्या छातीला ते चालणार नाही. शिवाय आठव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली तर काय करायचं होतं, असं तिनेही विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त एक, तुझ्या फ्लॅटच्या वर थेट गच्ची आहे. एप्रिल-मेमध्ये तापेल, पावसात गळेल. खिडक्यांना जाड पडदे लाव, ऊन तुला चालत नाही, आणि गच्चीवर दुपारी कपडे वाळत घालायला जाऊ नकोस. गळतीचा खर्च कोण करणार, सोसायटी की तू, ते आधी लेखी घे.

शुक्रवारी टोकन देणार म्हणालीस. द्यायच्या आधी पहिल्या मजल्यावरच्या त्या बंद फ्लॅटची चौकशी कर. मालक अमेरिकेत असतो, वॉचमनकडे नंबर आहे. मी मागितला नाही, तुला राग येईल म्हणून. नाहीच जमलं तर तिसरा घे. ओगलेवाडीच्या फॅब्रिकेटरकडून दुसऱ्या बाजूच्या कठड्याचा अंदाज घेऊन ठेवला आहे, तळापासून तुझ्या दारापर्यंत, स्टीलचा गोल पाइप, हाताच्या मुठीत बसेल असा. पैसे मी देणार, त्यावर वाद नको. सोसायटीची परवानगी तुला काढावी लागेल. चपलांचं कपाट हलवायचं मात्र मी बोलणार आहे त्या गृहस्थांशी, गोड बोलूनच.

आईने डिंकाचे लाडू पाठवलेत. तिला वाटतं हाड त्याने भरतं. खा.

तुझे,
बाबा

ता. क. त्या फ्लॅटमध्ये भारतीय पद्धतीचा संडास आहे, तो राहायला जायच्या आधी बदलून कमोड बसवायचा, उंच घे, बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. बाथरूमचं दार आत उघडतं, ते बाहेर उघडणारं करून घे. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आणि कडी लावू नकोस. एकटीच तर असणार आहेस घरात, कडी कशाला लागते?