रुग्णवाहिका येईपर्यंत फोनवरूनच सीपीआर करून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॅरेथॉनमध्ये, गरब्यात किंवा क्रिकेट खेळताना कोणी धडधाकट माणूस कोसळून दगावला, की चार दिवस चर्चा होते. एईडी यंत्रे (हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रे) बसवा, रुग्णवाहिका वाढवा, अशा मागण्या होतात. त्या योग्यच आहेत. पण त्यांच्याही आधी करण्यासारखी आणि कितीतरी कमी खर्चाची एक गोष्ट मागे पडते. १०८ला फोन लागल्यावर, पत्ता घेऊन गाडी निघाली की, पलीकडच्या कर्मचाऱ्याने फोन न ठेवता फोन करणाऱ्याकडून रुग्णाच्या छातीवर दाब देणे, म्हणजेच सीपीआर, सुरू करून घेतले पाहिजे. हे प्रत्येक कॉलवर, न चुकता व्हायला हवे.

हृदय बंद पडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. दाब दिले नाहीत, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घसरते. राज्यातली १०८ सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. पोहोचण्याची ठरवलेली मर्यादा शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांची आहे. म्हणजे गाडी अगदी वेळेत पोहोचली तरी अशा रुग्णासाठी उशीर झालेलाच असतो. यात चालकाचा किंवा डॉक्टरचा दोष नाही. पहिली दहा मिनिटे शेजाऱ्याच्या, वॉचमनच्या, घरातल्या मुलाच्या हातात असतात, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याजवळ जाणकार माणूस असतो तो फक्त फोनवरचा.

इथे एक खुलासा करायला हवा. हार्ट अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दुखतेय म्हणतो, घामाने डबडबतो. त्याच्या छातीवर दाब द्यायचे नसतात, त्याला तातडीने रुग्णालयात हलवायचे असते. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे पंपिंगच थांबते आणि माणूस हाकेला ओ देत नाही. पहिल्यातून दुसरे कधीही उद्भवू शकते. व्हॉट्सॲपवर फिरणारा ‘जोरजोरात खोकत राहा’ हा सल्ला अशा वेळी कुचकामी आहे, कारण बेशुद्ध माणूस खोकू शकत नाही. जिभेखाली गोळी ठेवणे, तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे, तळपाय चोळणे यात लाखमोलाची मिनिटे वाया जातात.

सर्वांत मोठी फसगत होते ती श्वासाची. हृदय थांबल्यावरही बरेच रुग्ण पहिली काही मिनिटे आचके देतात. तोंड उघडते, घरघर होते, मध्ये आठ-दहा सेकंद काहीच नाही, मग पुन्हा एक आचका. काहींचे हातपाय झटके देतात आणि बघणाऱ्यांना फीट आल्यासारखे वाटते. कर्मचाऱ्याने ‘श्वास चालू आहे का?’ एवढेच विचारले, तर घाबरलेला मुलगा ‘हो, घेताहेत’ म्हणणारच. म्हणून प्रश्न असा हवा: ‘श्वास नेहमीसारखा, एकसारखा चालू आहे का?’ उत्तर गुळमुळीत आले, तर पुढची सूचना अशी: ‘त्यांच्या छातीकडे बघा आणि प्रत्येक श्वासाला आता म्हणा.’ दोन ‘आता’मध्ये मोठे अंतर पडले, की तो श्वास धरायचा नाही. शुद्ध नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे कळले की थेट दाब सुरू. नाडी शोधायला सांगू नये. भांबावलेल्या माणसाला ती सापडत नाही, किंवा स्वतःचीच लागते.

पुढच्या सूचना छोट्या, साध्या मराठीत आणि एकेक करूनच द्यायला हव्यात. ‘फोन स्पीकरवर टाका, त्यांच्याजवळ ठेवा. पलंगावर असतील तर खाली फरशीवर घ्या, उताणे निजवा. छातीच्या मधोमध, दोन स्तनाग्रांच्या मध्ये एका तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर. कोपर सरळ. जोरात आणि भरभर दाबा. मी मोजतो, तुम्ही माझ्याबरोबर मोजा: एक, दोन, तीन, चार.’ पलंगावर दाब दिले की गादीच दबते, छाती दबत नाही. फोन करणारा रेंजसाठी गॅलरीत किंवा जिन्यात गेलेला असतो, त्याला आधी रुग्णाजवळ परत पाठवावे लागते. ‘मला जमणार नाही’ असे तो म्हणेल. तेव्हा ‘जमेल, मी फोनवर आहे’ असे ठामपणे सांगून मोजणी चालू करायची, हे त्या कर्मचाऱ्याला सरावाने यायला हवे.

मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हृदय डावीकडे असते म्हणून लोक डावीकडे दाबतात. ते चूक आहे, दाब मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावरच हवा. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक दाबानंतर हातांचा भार पूर्ण न सोडता छातीवर रेलून राहणे. छाती वर आली नाही तर हृदयात रक्त भरत नाही आणि पुढचा दाब फुकट जातो. दोन मिनिटांत चांगला दणकट माणूसही थकतो, पण आपले दाब उथळ झाल्याचे त्याला कळत नाही. म्हणून थकवा जाणवण्याची वाट न बघता दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. बरगडी कट्‌कन वाजली तरी थांबू नये, बरगडी जुळते. रुग्णाला उचलून रिक्षात कोंबणे सर्वांत वाईट, कारण रिक्षात दाब देता येत नाहीत. बाकीच्यांपैकी एकाने गेट उघडून ठेवावे, दुसऱ्याने लिफ्ट अडवून धरावी, तिसऱ्याने नाक्यावर उभे राहून गाडीला वाट दाखवावी.

भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी, तोंडाने श्वास न देता, नुसत्या दाबांचीच सोपी पद्धत सुचवली. अपवाद बुडालेल्यांचा आणि लहान मुलांचा. तिथे प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून तोंडाने श्वास देणेही लागते. विहिरीतून काढलेल्या मुलाला उलटे धरणे किंवा त्याचे पोट दाबणे घातक आहे.

प्रशिक्षण कसे असते? सभागृहात तीनशे माणसे, सरावासाठी एक पुतळा, एक तासाचे भाषण, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. यातून हाताला काही येत नाही. दोन-तीन जणांमागे एक पुतळा हवा आणि प्रत्येकाने सलग दोन मिनिटे, म्हणजे दोनशेहून अधिक दाब, स्वतः दिले पाहिजेत. योग्य खोलीला ‘टक्‌’ वाजणारा पुतळा असेल तर उत्तम. ही सवय काही महिन्यांतच सुटत जाते, म्हणून दर वर्षी उजळणी हवी. बारा वर्षांपासूनच्या मुलांना वर्षाला दोन तास शिकवावे, या उपक्रमाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पाठिंबा दिला. आपल्याकडे आठवीपासून सुरुवात सहज करता येईल. डेन्मार्कने २००५ मध्ये शाळांत आणि २००६ मध्ये वाहन परवान्यासाठी हे सक्तीचे केले. २००१ मध्ये तिथे २१ टक्के रुग्णांना बघ्यांकडून सीपीआर मिळत होता, २०१० पर्यंत ४५ टक्क्यांना मिळू लागला. महिनाभराने जिवंत असलेल्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरावर गेले. त्या दशकात उपचारही सुधारले हे खरे, पण बघ्यांचा वाटा नाकारता येत नाही.

एईडीबद्दलही बोलायला हवे. लास व्हेगासच्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना हे यंत्र शिकवले. डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि तीन मिनिटांच्या आत शॉक मिळालेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के वाचले, तीन मिनिटांनंतर मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. म्हणजे मॉलमधला किंवा सोसायटीतला वॉचमन हे करू शकतो. मात्र यंत्र मॅनेजरच्या कुलूपबंद कपाटात असेल, तर ते नसल्यातच जमा. त्याच्या चिकटपट्ट्यांची मुदत साधारण दोन वर्षांत संपते, बॅटरी चार-पाच वर्षांत. महिन्यातून एकदा हिरवा दिवा बघण्याचे काम कोणा एकाच्या नावावर लिहून ठेवावे. छाती घामाने ओली असेल तर पुसून घ्यावी. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेखाली लावावी. मंगळसूत्र बाजूला सरकवावे. स्त्री रुग्ण असेल तर लोक कपडे बाजूला करायला धजत नाहीत. चौघींनी ओढणीचा आडोसा धरावा, पण पट्ट्या उघड्या त्वचेवरच लागल्या पाहिजेत.

पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही लोकांना मागे खेचते. मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्याला संरक्षण देते, घरात किंवा मैदानावर कोसळलेल्याच्या मदतनिसाचा त्यात उल्लेख नाही. राज्य सरकारने ही उणीव स्पष्ट शब्दांत भरून काढावी.

आमची आरोग्य विभागाकडे मागणी अशी. १०८च्या प्रत्येक कर्मचाऱ्याला फोनवरील सीपीआरचे लिखित मराठी संभाषण द्यावे आणि दर तीन महिन्यांनी त्याचा सराव घ्यावा. फोन उचलल्यापासून दीड मिनिटात अरेस्ट ओळखला जावा आणि अडीच मिनिटांत पहिला दाब पडावा, हे उद्दिष्ट ठेवावे. अशा कॉलचे ध्वनिमुद्रण डॉक्टरांनी ऐकून तपासावे. ११२वरून १०८कडे कॉल वळवताना जाणारे सेकंदही मोजावेत. एईडी कुठे आहेत याची नोंद कर्मचाऱ्यासमोरच्या पडद्यावर दिसावी. आणि किती अरेस्टमध्ये फोनवरून दाब सुरू झाले, किती रुग्ण घरी परतले, हे आकडे जिल्हावार दर वर्षी प्रसिद्ध करावेत.

आपले,
आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण देणारे काही डॉक्टर व परिचारिका, पुणे