वायव्येचा वारा आणि नाताळचा आठवडा

गंगापूर रोड, नाशिक
चैत्र शुद्ध नवमी

चि. मधुरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला सेशेल्सचा बेत आम्ही दोघांनी नीट वाचला. नाताळच्या आठवड्यात माहे बेटावरून कॅटामरान, म्हणजे दोन तळांची शिडाची नौका, भाड्याने घ्यायचे, निखिलरावांनी ते स्वतः चालवायचे आणि सात दिवसांत प्रालिन, ला दीग, क्युरिएझ ही बेटे तू आखलेल्या तक्त्याप्रमाणे, कोणत्या रात्री कोठे नांगर टाकायचा हे आधीच ठरवून, पाहायची, असा तो बेत आहे, आणि नाताळ हाच तेथे समुद्राचा उत्तम हंगाम असतो असे तू धरले आहेस. जाण्याला आमचा पूर्ण होकार आहे. व्याही आणि विहीणबाई बरोबर येणार हे कळल्यावर तर तुझ्या आईचा उरलासुरला संकोचही गेला. मात्र आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तू दोन गोष्टी बदलाव्यास असे मला वाटते. नौकेबरोबर तेथला जाणता कप्तान घ्यावा आणि कोणत्या दिवशी कोठे जायचे हे त्याच्यावर सोपवावे. नाताळच्या गर्दीत चांगली नौका पैसे मोजून मिळते. वाऱ्याप्रमाणे रोज सकाळी बेत बदलू शकणारा माणूस मिळणे जास्त महत्त्वाचे असते, आणि तो आधी शोधावा लागतो.

जहाजावरची माझी सगळी नोकरी इंजिनरूममध्ये गेली. शिडाच्या दोऱ्या कशा ओढायच्या हे मला निखिलरावांनीच शिकवावे. पण वारा ऋतूप्रमाणे कसा फिरतो आणि नांगर धरला नाही म्हणजे काय होते, हे इंजिनरूममध्ये बसूनही कळतेच.

सेशेल्स विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम चार-पाच अंशांवर आहे. मे ते सप्टेंबर या काळात तेथे आग्नेयेकडून कोरडा, जोरकस वारा वाहतो. तोच वारा विषुववृत्त ओलांडून वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन आपल्या ब्रह्मगिरीवर येऊन आदळतो. हिवाळ्यात हे चक्र उलटे फिरते. निफाडला पारा उतरलेला असतो त्या दिवसांत आपल्या बाजूचा ईशान्य वारा दक्षिणेकडे जातो, विषुववृत्तापाशी वळतो आणि सेशेल्सला वायव्येकडून पोहोचतो. समुद्रावरून इतका लांबचा प्रवास केल्यामुळे तो दमट असतो, एरवी मंद असला तरी मध्येच ढगांसोबत सोसाट्याने येतो, आणि पाऊस आणतो. माहे बेटावर वर्षातला सर्वांत ओला महिना जानेवारी. त्या एका महिन्यात सरासरीने ३५० ते ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. नाशिक शहरात सबंध पावसाळ्यात साधारण ७०० मिलिमीटर पडतो, हे लक्षात घेतलेस म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. डिसेंबरचा उत्तरार्धही याच ऋतूतला आहे. एवढे बरे की मध्यवर्ती बेटे विषुववृत्ताच्या फार जवळ असल्यामुळे चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर राहतात.

याचा अर्थ सात दिवस पाऊस लागेल असा नाही. सकाळी लख्ख ऊन, दुपारी तासभर मुसळधार, पुन्हा ऊन, असेही बरेच दिवस मिळतात. पण तुला वाटते तसा हा हंगाम समुद्राने ठरवलेला नाही. युरोपातल्या शाळा बंद असतात आणि तेथे थंडी असते, म्हणून तो आठवडा महाग असतो. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर जी दाटी होते ती तिथीमुळे होते, गोदावरीचे पाणी त्या दिवशी वाढलेले असते म्हणून नव्हे. हेही तसेच आहे. ज्याला खरोखर शांत आणि नितळ पाणी हवे तो वारा पालटण्याच्या संधिकाळात, म्हणजे एप्रिलच्या सुमारास किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जातो, आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच पडते. निखिलरावांचे ऑफिस नाताळ ते नववर्ष एवढेच बंद असते आणि त्यांना दुसरी रजा नाही, हे तू लिहिलेस, म्हणून मी आग्रह धरत नाही. पुढच्या वेळी मात्र लक्ष्मीपूजन घरी आणि भाऊबीज नौकेवर असा विचार करून पाहा.

आता हा वायव्य वारा तुझ्या तक्त्याचे काय करतो ते सांगतो. तू प्रालिनवरच्या आन्स लाझिओला दोन रात्री नांगर टाकायचे ठरवले आहेस. फोटोत तो किनारा फार सुंदर दिसतो, पण तो बेटाच्या वायव्य टोकाला आहे. डिसेंबरात वारा आणि लाट सरळ त्या उपसागरात शिरते आणि नौका रात्रभर हेलकावते. माहेवरच्या बो व्हॅलनचेही त्या महिन्यांत तसेच. उलट ला दीगचा ग्राँद आन्स, जेथे आग्नेय वाऱ्याच्या दिवसांत पोहणे धोक्याचे असते, तो या ऋतूत आडोशाला येतो. प्रालिनच्या पूर्वेचे बे सेंट ॲन, क्युरिएझ आणि प्रालिन यांच्या मधले पाणी, माहेच्या पूर्वेला सेंट ॲन बेटांचे सागरी उद्यान, या जागा वायव्येपासून झाकलेल्या आहेत. याच तीन-चार आडोशाच्या जागी त्या आठवड्यात सगळ्या नौका येणार, त्यामुळे दुपारी लवकर पोहोचणाऱ्याला चांगली जागा मिळणार. एखादा दिवस आन्स लाझिओ शांत असेलही. तो दिवस कोणता हे आज नाशिकमधून किंवा पुण्यातून सांगता येत नाही. तेथल्या कप्तानाला मात्र ते सकाळी आकाश बघून कळते.

निखिलरावांनी पवना धरणाच्या पाण्यावर शीड हाकण्याचे शिक्षण घेतले आहे आणि त्यांना त्याची मनापासून आवड आहे, याचे मला कौतुकच आहे. माझा आक्षेप त्यांच्या कौशल्याला नाही. धरणाच्या पाण्यात भरती-ओहोटी नसते आणि तळाशी प्रवाळ नसते. सेशेल्सच्या मध्यवर्ती बेटांभोवती ग्रॅनाइटचे खडक आणि प्रवाळाचे उंचवटे आहेत. ते पाण्याच्या रंगावरून ओळखावे लागतात, आणि त्यासाठी सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असावा लागतो, म्हणजे ढगाळ दुपारी आणि संध्याकाळी ते दिसतच नाहीत. इतक्या कमी अक्षांशावर संधिप्रकाशही थोडा वेळ टिकतो. साडेसहाच्या आगेमागे सूर्य मावळला की पाहता पाहता अंधार होतो, आणि म्हणून भाड्याच्या नौकांना रात्री प्रवास करण्याची मुभा सहसा नसते. माहे ते प्रालिन हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. सहा नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे अकरा किलोमीटरच्या, चालीने चार तास, वारा समोरून असेल तर त्याहून जास्त. त्या पट्ट्यात उघडा समुद्र आहे आणि नौकेवर साठी ओलांडलेली चार माणसे व तुमचा नऊ वर्षांचा अर्णव असणार. शिवाय विनाकप्तान नौका देताना कंपन्या प्रमाणपत्राबरोबर आजवरच्या समुद्रप्रवासाची नोंद मागतात आणि मोठी अनामत रक्कम अडकवून ठेवतात. नांगर घसरून तळाला ओरखडा गेला तर दुरुस्तीचा खर्च त्यातूनच वजा होतो. कप्तान असला म्हणून निखिलरावांनी सुकाणू हाती घ्यायचे नाही असे कोणी म्हणत नाही. उलट चांगला कप्तान दिवसभर त्यांनाच चालवू देईल आणि नांगर टाकताना शेजारी उभा राहील. हे त्यांना तू सांगितलेस तर ते रागावणार नाहीत. मी सांगितले तर सासऱ्याचा उपदेश होईल.

कॅटामरान निवडलेस हे योग्यच केलेस, कारण दोन तळांची नौका एका तळाच्या नौकेसारखी कलत नाही आणि मागच्या पायऱ्या पाण्यालगत असल्यामुळे तुझ्या आईच्या गुडघ्यांना त्या सोसतील. मात्र खोल्यांचा हिशेब पुन्हा कर. जाहिरातीत चार खोल्या लिहिल्या असल्या तरी कप्तान आणि स्वयंपाकी त्यातलीच एक वापरतात की पुढच्या टोकाला त्यांची वेगळी झोपण्याची जागा आहे, हे लेखी विचार. आम्ही दोघे, व्याही-विहीणबाई आणि तुम्ही दोघे अशा तीन खोल्या झाल्या. अर्णवला चौथी मिळणार की तो बैठकीच्या बाकावर झोपणार, हे तेथे गेल्यावर कळणे बरे नव्हे. गोडे पाणी तयार करणारे यंत्र आहे का आणि जनरेटर रात्री चालतो का, हे दोन प्रश्नही त्याच पत्रात घाल. माझ्या धंद्यातला माणूस हे आधी विचारतो आणि शिडाचा रंग नंतर पाहतो.

पैशाच्या बाजूने सांगायचे तर नाताळ आणि नववर्षाचे आठवडे वर्षातले सर्वांत महाग असतात. चांगल्या नौका आठ-दहा महिने आधी जातात, आणि काही मालक त्या दिवसांत आठवड्याहून कमी मुदतीचे आरक्षण घेतच नाहीत. त्यामुळे चैत्रात ठरवणे ही घाई नव्हे. साधारणपणे अर्धी रक्कम आरक्षणाच्या वेळी आणि उरलेली निघण्यापूर्वी सहा-आठ आठवडे भरावी लागते. भाड्यात काय येते हे दर कंपनीगणिक बदलते. कोठे जेवण, डिझेल, उद्यानांचे प्रवेशशुल्क आणि बंदराचे पैसे धरलेले असतात, तर कोठे भाड्याच्या वर आगाऊ खर्चनिधी वेगळा घेतात आणि शेवटी हिशेब करून उरलेले परत देतात. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवून पाहताना हा फरक ध्यानात घेतला नाहीस तर स्वस्त वाटणारी नौका महाग पडेल. कप्तान आणि स्वयंपाकी यांना शेवटी बक्षिसी देण्याची प्रथा आहे, तीही आजच धरून ठेव. परदेशी सहलीचे पॅकेज भारतातल्या एजंटाकडून घेतलेस तर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल करायचा आयकर, कापला जाईल. तो विवरणपत्रात जमा धरता येतो, पण तोवर पैसे अडकतात.

करारातली तीन कलमे मी स्वतः वाचू इच्छितो, ती मला व्हॉट्सॲपवर पाठव. नौका नादुरुस्त झाली तर त्याच दर्जाची दुसरी मिळणार की पैसे परत मिळणार, हे पहिले. हवामानामुळे बाहेर पडता आले नाही तर काय, हे दुसरे. बहुतेक करारांत पाऊस आणि वारा ही परताव्याची कारणे नसतात, आणि ते मला रास्तही वाटते, कारण पाऊस मालकाने पाडलेला नसतो. आपल्याला निघण्यापूर्वी रद्द करावे लागले तर कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम बुडते, हे तिसरे. प्रवासविमा घेताना वैद्यकीय कारणाने बेटावरून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, आणि शिडाच्या नौकेवरचा प्रवास साहसी खेळ म्हणून वगळला आहे का, ते पाहा. व्याह्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झालेली आहे. ती विमा कंपनीपासून लपवायची नाही.

खाण्याची चिंता तुझी आई करते आहे, पण ती मला फारशी वाटत नाही. व्हिक्टोरिया शहरात तमिळ वंशाची वस्ती जुनी आहे, तेथे नवशक्ती विनायगर हे गणपतीचे मंदिर आहे, आणि डाळ, तांदूळ, मसाले मिळतात. स्वयंपाक्याला शाकाहार म्हणजे मासेही नाहीत आणि अंडीही नाहीत, हे आधी लिहून कळवलेस म्हणजे झाले. एकादशीचा साबुदाणा आणि भगर मात्र येथूनच न्यावी लागेल. बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि निघण्याच्या आधी द्या; उलट्या सुरू झाल्यावर त्यांचा फारसा उपयोग नसतो.

मुंबईहून माहेला थेट विमान आहे आणि प्रवास साडेचार तासांच्या आसपासचा आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते. नौका ताब्यात मिळते त्याच दिवशी पोहोचणारे विमान घेऊ नकोस. आदल्या दिवशी पोहोचून एक रात्र माहेवर काढावी, म्हणजे सामान मागे राहिले किंवा विमान लांबले तरी नौकेचा दिवस वाया जाणार नाही. शेवटची रात्रही माहेच्या जवळच असू दे. प्रालिनवर कोको द मेरच्या, म्हणजे दर्यानारळाच्या, झाडांचे व्हाले द मे हे जंगल आहे आणि क्युरिएझवर महाकाय कासवे. ही दोन्ही ठिकाणे वाऱ्यावर तितकी अवलंबून नाहीत, तेवढी तक्त्यात पक्की ठेव. बाकीचा तक्ता कप्तानाला पाठव आणि त्याला विचार की यातले डिसेंबरात काय जमेल. जो सगळेच जमेल म्हणून लगेच उत्तर देईल त्याला घेऊ नकोस.

समृद्धी महामार्ग इगतपुरीपासून पुढे सुरू झाल्यामुळे आम्हाला विमानतळ आता पूर्वीइतका दूर वाटत नाही. आम्ही येथून थेट येऊ, तुम्ही पुण्याहून या. आईच्या पासपोर्टची मुदत पाहिली, ती पुढच्या जानेवारीत संपते आहे. नूतनीकरणाचा अर्ज या आठवड्यात करतो, त्यामुळे तिचे विमानाचे तिकीट नवा क्रमांक मिळाल्यावरच काढ.

निखिलरावांना नमस्कार, चि. अर्णवला अनेक आशीर्वाद.

तुझा,
बाबा