न्याय मागितला, हाय मिळाली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. मागच्या भेटीत तू म्हणालास, बायबलमधले संदेष्टे म्हणजे नुसते शापच. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन शब्दकोश शेजारी ठेवला आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय मूळ हिब्रूत वाचला. आता तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सुरुवात चक्क गाण्यानं होते. एकाचा द्राक्षमळा. त्यानं जमीन खणली, दगड वेचले, जातिवंत वेल लावले, राखणीला बुरूज बांधला, रसासाठी कुंड खोदलं. आणि धरली काय, तर रानद्राक्षं! तो विचारतो, तुम्हीच निवाडा करा, मी आणखी काय करायचं बाकी ठेवलं? ऐकणाऱ्यांचा निवाडा मनात तयारच असणार. मग सातव्या वचनात उलगडतं की मळा म्हणजे ते स्वतःच. देवानं 'मिश्पात'ची वाट पाहिली, आला 'मिस्पाख'. 'त्सेदाका'ची पाहिली, आली 'त्सेआका'. न्यायाऐवजी रक्तपात, नीतीऐवजी आक्रोश. कानाला द्राक्षच वाटतं रे, चाखल्यावर कळतं.

हे मराठीत आणायला मी दोन रात्री धडपडलो. शेवटी एवढंच जमलं: न्याय मागितला, हाय मिळाली. गरिबाची हाय लागते म्हणतो ना आपण, तीच ही. पुढच्याच वचनात घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना यशया 'होय' म्हणतो. हा आपला होकार नव्हे. हिब्रूत मयतावर रडताना हाच उद्गार काढत.

आमोस हा दुसरा संदेष्टा, यशयाच्या थोडा आधीचा. तकोवा गावचा मेंढपाळ, राजा दुसऱ्या यराबामाच्या भरभराटीत इस्राएलच्या उत्तरेच्या राज्यात जाऊन बोलला. त्याला टोपलीत 'कायित्स' दिसतं, उन्हाळी फळं. देव म्हणतो 'केत्स', शेवट. पाचव्या अध्यायात तर तो जिवंत राष्ट्राचा विलाप गातो: 'पडली, पुन्हा उठायची नाही, इस्राएलची कुमारी.' त्या विलापाच्या चालीत तीन ठोके पडतात, मग दोनच. जणू रडणाऱ्याचा श्वास पुरत नाही. त्या राज्याची राजधानी शोमरोन पडली ती इ.स.पू. 722 च्या सुमारास, म्हणजे कितीतरी वर्षांनी.

पण दोनच वचनं पुढे जा: 'मला शोधा म्हणजे जगाल.' आणि पंधराव्या वचनात 'उलाय', म्हणजे कदाचित. कदाचित देव दया करील. ज्याला नुसता शाप द्यायचा असतो, तो 'कदाचित' कशाला म्हणेल?

दिवाळीत येशील तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवतो.

तुझाच,
मित्र