हापशाला आलेलं लोकरीचं पाणी: ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मंत्रिमहोदय, आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, पर्जन्यछायेत. गावात एक हापसा आहे आणि तो कोरडा आहे, हे वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी गावातल्या अकरा बायकांनी त्या हापशाला लोकरीचा अंगरखा घातला. दांड्याला लाल-पिवळे पट्टे, धडाला निळी बंडी. मग त्याच्या तोंडातून पाणी सोडलं, तेही लोकरीचंच. आकाशी आणि पांढऱ्या साखळ्यांची जाड धार, खाली पत्र्याच्या बादलीत वेटोळं घालून बसलेली. आकाशी लोकर मध्येच संपली, म्हणून चार ओळी पोपटी पडल्या. ‘शेवाळ आलंय’ म्हणून बायका हसल्या. पोरं शाळेतून येता-जाता त्या धारेखाली ओंजळ धरायची.

नवव्या दिवशी तालुक्याच्या एका कार्यालयातून ग्रामपंचायतीला पत्र आलं: सार्वजनिक मालमत्तेचं विद्रूपीकरण झालं आहे, तीन दिवसांत काढून टाकावं. तोंडी निरोप वेगळाच होता. फोटो मोबाइलवर फिरतोय, हापशातून लोकरीचं पाणी दाखवणं म्हणजे शासनाची बदनामी आहे. खरं सांगते, बदनामी कुणाच्या मनात नव्हती. आमच्यातल्या एकीला नुसता कोरडा हापसा विणायचा होता. दुसरी म्हणाली, विणतोच आहोत तर पाणी का नको? एवढंच. मात्र ज्याला कोरड्या हापशातलं लोकरीचं पाणी बघून राग आला, त्याला ते बरोबर समजलं होतं, हेही मान्य करते.

मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. त्या अकरा जणींतली एक.

दुष्काळी गावात लोकरीच्या सुया कुठून आल्या, असं कुणीही विचारेल. त्या आल्या गलाईवाल्यांच्या संसारातून. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, आमच्याकडची आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीची माणसं देशभर पांगलेली आहेत. ज्यांची दुकानं अमृतसर, जालंधरला होती, त्यांच्या बायका तिथल्या शेजारणींच्या ओट्यावर बसून विणकाम शिकल्या आणि म्हातारपणी गावाकडे परतताना सुया-लोकर घेऊन आल्या. इथे स्वेटर कुणाला हवा? थंडी दोन महिन्यांची. मग तोरणं झाली, टीव्हीवरचे रुमाल झाले, नातवंडांच्या टोपड्यांनी ट्रंका भरल्या. एसटीच्या निवारा शेडचे चार खांब तेवढे उघडे राहिले होते. क्रोशात ‘खांब’ नावाचा टाकाच असतो, मुका खांब असतो, अर्धा खांब असतो. तर खांबांना आम्ही खांबांनीच मढवलं.

जगात याला यार्न बॉम्बिंग म्हणतात. नावात बॉम्ब असल्यामुळे आमचे पोलीस पाटील आधी जरा बिचकले. 2005 साली अमेरिकेत, ह्यूस्टनमध्ये मॅग्डा सायेग या बाईंनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला विणलेली खोळ घातली, तिथून ही लाट आली असं मानतात. इटलीतल्या त्रिवेन्तो या छोट्या गावातल्या बायकांनी 2018 च्या नाताळात क्रोशाचे चौकोन जोडून 6 मीटर उंचीचं झाड उभं केलं. नातीने मला त्याचे फोटो दाखवले. आपल्याला नवं यातलं फार थोडं. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला आम्ही वडाला सूत गुंडाळतो, पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून पाठीवर झूल टाकतो. मग लोकरीनेच काय पाप केलं?

विद्रूपीकरणाचा कायदा 1995 चा. तो असायलाच हवा, याबद्दल माझं दुमत नाही. उलट तो जरा जास्त वापरा. आमच्या हापशासमोर, रस्त्याच्या पलीकडे, वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला होता. त्यावर बत्तीस चेहरे, मी मोजलेत. त्याच्या दोऱ्या शेडच्या त्याच खांबांना बांधलेल्या, आमच्या विणकामावरून काचलेल्या. पत्र आलं ते आम्हाला, फ्लेक्सला नाही. बेकायदा फलकांविरुद्ध उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये जो सविस्तर निकाल दिला, त्यातली एक याचिका आमच्याच साताऱ्यातल्या सुस्वराज्य फाउंडेशनची. त्या जिल्ह्यात विद्रूप ठरावी ती बादलीतली लोकर, याचं जरा हसू येतं.

आमच्या चुकाही सांगते, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, मेंढीशी तिचा संबंध नाही. ती कुजत नाही, उन्हाने विटते, आणि तिचे धागे मातीत पडले की तिथेच राहतात. आम्ही पारावरच्या पिंपळालाही एक पट्टा घातला होता, तो नको होता. सालीत ओल आणि मुंग्या धरून राहिल्या, एका चिमणीच्या पायात धागा गुंतला. पोरांनी सोडवला, पण त्या दिवशी आम्ही झाड सोडलं. विजेच्या खांबाला हात लावायचा नाही आणि वळणावरच्या पाटीला झाकायचं नाही, हे मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

पुढच्या वेळी अ‍ॅक्रिलिक नाही. आमच्या शिवारात मेंढरं आहेत. त्यांची लोकर राठ, फक्त घोंगडीच्या कामाची, आणि घोंगडीला आता गिऱ्हाईक नाही. कातरणीची मजुरीसुद्धा सुटत नाही, असं मेंढके सांगतात. ती काळी-करडी लोकर घरी कातून बघायची आहे. हाताला टोचेल. हापशाला टोचणार नाही.

आता मागणी. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या जागेवर, हापसा, पार, शेड, शाळेची भिंत, ग्रामसभेने ठराव केला तर ठरावीक मुदतीसाठी अशी हलकी, काढता येणारी सजावट करता यावी. वरच्या कार्यालयाची वेगळी परवानगी लागू नये. मुदत संपली की ज्यांनी लावलं त्यांनीच उतरवावं, पावसाळ्याच्या आत. जिवंत झाड, वीज आणि रस्त्याच्या खुणा वर्ज्य. आपल्या विभागाने एवढं एका पानाच्या परिपत्रकात लिहावं. पैसे नकोत.

आणि हात जोडून सांगते, याची योजना करू नका. मी नोकरीत बत्तीस वर्षं काढली, शाळेच्या भिंती किती वेळा रंगल्या ते पाहिलं आहे. एकदा योजना आली की ‘लोकरयुक्त गाव’ असा फलक लागेल, उद्दिष्ट येईल, दर गावाला चौदा खांब, फोटो अपलोड करा, ठेकेदार यंत्रावर विणलेल्या एकाच मापाच्या खोळी आणून चढवेल आणि बायका ओट्यावर बसून बघतील. भिलारचं मला कौतुक आहे. 4 मे 2017 ला शासनाने ते पुस्तकांचं गाव केलं, चित्रकारांनी तिथल्या भिंती रंगवल्या, मी दोनदा जाऊन आले. एक भिलार झालं ते चांगलंच झालं. पण आमचा हापसा आम्हाला आमच्या हातानेच बिघडवू द्या.

पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी आमचे भाऊसाहेब कात्री घेऊन आले. (ग्रामसेवकांचं पदनाम आता बदललं आहे, पण गावात ते भाऊसाहेबच.) बिचारे हापशाभोवती दोन फेऱ्या मारून उभे राहिले, कुठून कापायचं ते कळेना. सगळ्यात म्हाताऱ्या काकी पुढे झाल्या. “कापू नका भाऊसाहेब, उसवा.” त्यांनी बादलीतलं टोक शोधलं, गाठ सोडली आणि ओढायला लागल्या. भाऊसाहेबांनी कात्री खिशात टाकली आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. त्यांच्या हातांवर लोकर गुंडाळली गेली. अर्ध्या-पाऊण तासात सगळं पाणी गुंडा होऊन काकींच्या ओच्यात गेलं. पोपटी ओळींशी जरा गुंतलं होतं, तेवढंच.

तो गुंडा सध्या माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत, अर्ज दिलेला आहे. तोवर आपलं उत्तर आलं तर सभेत वाचून दाखवू. नाही आलं तरी सभा आहेच.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
माण तालुका, जि. सातारा