लाइन जायची तेव्हा बरं चालायचं

दारव्हा, जि. यवतमाळ

प्रिय दोस्ता,

तीन आठवडे फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. विहिरीवरची मोटर चालवणाऱ्या छोट्या लिनक्स कंप्युटर-बोर्डानं जीव खाल्ला होता.

आधी दिवसातून चारदा लाइन जायची, आली की बोर्ड आपला मुकाट सुरू व्हायचा. मी हौसेनं बॅटरी लावली आणि तिथून तो अडकायला लागला. वॉचडॉगनं (बोर्ड गोठला की त्याला आपोआप रिसेट देणारा टायमर) रिसेट दिला की सिरियल कन्सोलवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दिसतात त्या पडद्यावर, एक अक्षर नाही. मी संशय घेतला बूटलोडरच्या (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) फ्लॅश ड्रायव्हरवर, म्हणजे सगळे प्रोग्राम साठवणाऱ्या फ्लॅश चिपशी बोलणाऱ्या भागावर. यू-बूटमध्ये, म्हणजे त्या बूटलोडरमध्ये, चिप तपासायचा ‘एसएफ प्रोब’ आदेश मारला तर चिप ओळख बरोबर सांगते. क्लॉक ५० वरून १० मेगाहर्ट्झवर आणला, चिपच्या पायांना सोल्डरचे डाग पुन्हा मारले, सगळं वाया. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, “लाइन जाये तवा बरी चाले बाप्पा, तू बॅटरी लावली अन् बिघडली.” हसलो. रात्री मात्र झोप आली नाही.

सकाळी चिपच्या पायांना लॉजिक अॅनालायझर (तारेवरचे सिग्नल टिपणारं यंत्र) लावला. रिसेटनंतर बूट रॉम (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा पक्का प्रोग्राम) ०३ हा वाचायचा आदेश आणि पत्त्याचे तीन बाइट पाठवतो, आणि चिप चौथ्याची वाट बघत बसते! मग सगळा मजकूर एक बाइट सरकून येतो, रॉमला त्यातलं काही कळत नाही. चिप ३२ एमबीची. तीन बाइटांचा पत्ता १६ एमबीपुरताच. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरनं बी७ हा आदेश देऊन तिला चार बाइटांच्या पत्त्यावर नेलं होतं. प्रोसेसर रिसेट झाला, चिपला खबरच नाही; बॅटरीमुळे तिची वीज चालूच. लाइन गेली की ती आपसूक तीनवर यायची.

गंमत म्हणजे या चिपच्या जुन्या-नव्या दोन्ही पिढ्यांचा ओळखक्रमांक एकच. आपली नवी, तिला चार बाइटांचे वेगळे आदेश समजतात, वाचायचा १३. माझ्या जुन्या ड्रायव्हरला ते ठाऊक नव्हतं. वाचणं-लिहिणं-पुसणं तिन्ही त्या आदेशांवर नेलं, बी७ काढून टाकलं. परवापासून दोनशे रिसेट झाले, एकदाही अडकला नाही.

आणि हे कुणाला सांगू नकोस: सोळा पायांच्या त्या चिपला रिसेटचा पाय आहे, तो प्रोसेसरच्या रिसेटला जोडता आला असता. सर्किटच्या नकाशात मीच तो मोकळा सोडला होता.

पोळ्याला येशील तेव्हा पुण्याहून सोळा पायांची टेस्ट क्लिप (चिपच्या पायांना तारा जोडायचा चिमटा) आण. माझी इथं कपाशीच्या चिखलात पडली, तिचे दोन दात गेलेत. आई विचारते, तुला पाटोडी-रस्सा अजून झेपतो का?

तुझाच,
भैताड