परवान्याविना पिस्तूल: टेक्सासमधील मित्रास पत्र

केटी, टेक्सास
२ सप्टेंबर २०२१

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

उत्सवाच्या सभागृहात पिस्तूल आणू द्यावे की नाही, यावर गणेशोत्सव समितीच्या बैठकीत आपले बोलणे अर्धवट राहिले आणि त्यानंतर तुझे पत्र आले. परवान्याविना पिस्तूल नेण्याची मुभा देणाऱ्या, कालपासून लागू झालेल्या टेक्सासच्या कायद्याच्या बाजूने तू मनापासून लिहिले आहेस, म्हणून मीही उत्तर पूर्ण विचार करून देतो आहे. फोनवर या विषयाला हात घातला की आपल्या दोघांचेही आवाज चढतात. कागदावर निदान एकमेकांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेता येईल.

तू पिस्तूल बाळगतोस याला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट करतो. रात्री दुकान बंद करताना तुझ्या छातीवर पिस्तूल रोखले गेले, त्यानंतरचे कित्येक महिने वहिनी तू घरी पोहोचेपर्यंत जाग्या राहात, हे मी विसरलेलो नाही. दुकानात शस्त्र ठेवायला तुला परवान्याची गरज नव्हती आणि २००७ पासून ती मोटारीतही उरली नव्हती. पण रोकड घेऊन बँकेत जाताना ते अंगावर असावे म्हणून तू रीतसर परवाना काढलास. परवान्यासाठीच्या प्रशिक्षणवर्गाला सोबत म्हणून मी आलो होतो. मला वाटले होते की तिथे नेमबाजीचेच धडे असतील. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गेला तो गोळी कधी झाडू नये हे समजून घेण्यात. प्राणघातक बळ वापरण्याविषयीचा कायदा, शस्त्राची हाताळणी, वाद हिंसेशिवाय मिटवण्याचे मार्ग आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा रीतीने पिस्तूल ठेवणे, हे चार विषय शिकवलेच पाहिजेत असे कायद्यानेच ठरवून दिले होते. त्यानंतर लेखी परीक्षा झाली आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या झाडून तुला नेम सिद्ध करावा लागला. बोटांचे ठसे दिलेस, पार्श्वभूमी तपासली गेली, आणि मग परवाना आला.

नव्या कायद्याने, म्हणजे हाउस बिल क्रमांक १९२७ ने, हेच सारे ऐच्छिक केले. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या आणि पिस्तूल बाळगण्यास कायद्याने मनाई नसलेल्या कोणालाही आता ते होल्स्टरमध्ये म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, उघड किंवा कपड्याखाली दडवून, सार्वजनिक ठिकाणी नेता येईल. परवाना राहिला आहे, पण त्याच्यावाचून अडत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, आणि तो मला फार मोठा वाटतो.

तू लिहितोस की टेक्सासच्या परंपरेला हे धरूनच आहे. इतिहास तसे सांगत नाही. याच राज्याने १८७१ मध्ये पिस्तूल घेऊन फिरण्यास बंदी घातली आणि ती शंभराहून अधिक वर्षे टिकली. १९९१ मध्ये किलीन गावच्या ल्यूबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांचा बळी घेतला. तिथे जेवायला आलेल्या सुझॅना हप यांचे आईवडील त्या हल्ल्यात गेले, आणि सुझॅना यांचे स्वतःचे पिस्तूल मात्र कायद्याच्या धाकाने बाहेर गाडीत राहिले होते. बंदीविरुद्ध त्यांनी दिलेली साक्ष ज्याने ऐकली, त्याला बंदीचे सरसकट समर्थन करणे अवघड जाईल, मलाही जाते. पण त्यातून १९९५ मध्ये जो कायदा झाला आणि ज्यावर जॉर्ज बुश यांनी गव्हर्नर या नात्याने सही केली, तो प्रशिक्षणाचा आणि परवान्याचा होता. तो मार्ग विचारपूर्वक काढलेला होता आणि गेल्या वर्षाअखेर सोळा लाखांहून अधिक लोकांनी तो स्वीकारलेला होता. त्यांच्यापैकी तू एक आहेस. तो मार्ग मोडकळीस आला होता असे तुझ्या पत्रातही कुठे दिसत नाही.

आपल्याच राज्यातल्या व्हाइट सेटलमेंट गावच्या चर्चचा दाखला तू दिला आहेस. २०१९ च्या डिसेंबरात तिथे बंदूकधारी उठला आणि जॅक विल्सन यांनी सहा सेकंदांत त्याला पाडले. त्यांच्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. पण हे विल्सन कोण होते? ते नेमबाजीचे प्रशिक्षक होते आणि चर्चच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांनी तयारीनिशी घेतलेली होती. त्यांच्या आधी त्याच पथकातील दुसऱ्या एका माणसाने पिस्तूल काढण्याचा प्रयत्न केला आणि तो मारला गेला. तयारी असलेल्या माणसांची जिथे ही गत झाली, तिथे एकदाही नेम न धरलेला माणूस भरल्या सभागृहात पिस्तूल काढील तेव्हा काय होईल, याचा विचार तुझ्यासारख्याने तरी करायला हवा.

तुझा दुसरा मुद्दा मात्र मला खरोखर विचारात पाडतो. रात्रपाळी करणाऱ्या, धोक्याच्या वस्तीत राहणाऱ्या बाईला वर्गाचे पैसे आणि सुटीचा दिवस कुठून परवडणार, असे तू विचारतोस. तिचा हक्क माझ्या-तुझ्या हक्काइतकाच आहे. पण त्यावरचा उपाय वर्ग फुकट करणे हा होता, रविवारी आणि स्पॅनिशमध्ये घेणे हा होता. परवान्याचे शुल्क २०१७ मध्ये १४० डॉलरवरून ४० वर आणलेच होते. आणखी खाली आणता आले असते. याच नव्या कायद्यात राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याने संकेतस्थळावर मोफत पाठ ठेवावा अशी तरतूद आहे, म्हणजे शिकवण्याची गरज विधिमंडळाच्या सदस्यांनाही पटलेली दिसते. मग ती गरज लोकांच्या मर्जीवर का सोडली?

आणि पारख कोण करणार? मारहाण किंवा धमकी यांसारख्या काही गुन्ह्यांसाठी गेल्या पाच वर्षांत दोषी ठरलेल्यांना या कायद्याने परवान्याशिवाय पिस्तूल नेण्याची मुभा दिलेली नाही. तरतूद चांगली आहे. पण परवान्याचा अर्ज जिथे छाननीला येत असे ती पायरीच निघाल्यावर असा माणूस ओळखायचा कसा? अधिकृत दुकानदार विक्रीच्या वेळी तपासणी करतो, हे खरे. पण दोन व्यक्तींमधल्या खाजगी विक्रीला ती लागत नाही. २०१९ मध्ये मिडलंड-ओडेसात सात जणांना मारणारा माणूस दुकानातल्या तपासणीत अडला होता आणि त्याने पुढे खाजगी व्यवहारात शस्त्र मिळवले. त्याच्याकडे रायफल होती आणि परवान्याने तो थांबला असता असे मी म्हणत नाही. पण जिथे एक भगदाड आधीच आहे, तिथे शेजारची भिंत पाडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. राज्यातल्या अनेक पोलीसप्रमुखांनी राजधानी ऑस्टिनला जाऊन विरोध नोंदवला, तो याच काळजीने. तरीही प्रतिनिधीगृहात ८२ विरुद्ध ६२ आणि सिनेटमध्ये १७ विरुद्ध १३ मतांनी विधेयक संमत झाले आणि जूनमध्ये गव्हर्नर अ‍ॅबट यांनी आलामो या ऐतिहासिक स्थळी त्याचा सहीसमारंभ केला.

आता आपल्या माणसांविषयी, कारण मला सर्वांत जास्त धास्ती त्यांची आहे. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर ‘टेक्सासमध्ये आता सर्वांना पिस्तूल’ असा निरोप फिरतो आहे. तो चूक आहे आणि घातक आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना शस्त्र बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना यासारखे मोजके अपवाद सोडले, तर नेमबाजीच्या मैदानावर हौसेने हातात घेतलेले पिस्तूलसुद्धा त्यांना गुन्ह्यात अडकवू शकते. ग्रीन कार्ड मिळाल्यावर गोष्ट वेगळी. पुण्या-नागपूरहून नुकती आलेली ही मुले राज्याचा कायदा आणि देशाचा कायदा यांतला फरक जाणत नाहीत, आणि त्यांचे इथले सगळे भवितव्य व्हिसाच्या कागदावर उभे आहे. पूर्वी त्यांच्यापैकी कोणी परवान्यासाठी अर्ज करायला गेला असता, तर त्या अर्जातच त्याला हे कळले असते. आता त्याला कोण अडवून सांगणार?

घरात शस्त्र ठेवण्याबद्दलही एवढे लिहितो. २०१९ मध्ये या देशात बंदुकीने सुमारे ३९,७०० माणसे गेली आणि त्यांतल्या सुमारे २३,९०० आत्महत्या होत्या. चोर येण्याची भीती सगळ्यांना असते. घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाची काळजी वेळेवर फारच थोड्यांना सुचते. कुलूपबंद पेटीचा आग्रह आपल्याला त्या वर्गात पहिल्यांदा ऐकायला मिळाला, आणि घरी जाताना वाटेत थांबून तू ती पेटी विकत घेतलीस.

राहिला सभागृहाच्या दारावर लावायच्या फलकाचा प्रश्न. बैठकीत सगळे ‘बंदी की मुभा’ एवढ्यावरच भांडत होते, पण कायद्याने तिसरी वाट ठेवली आहे. दंडसंहितेच्या कलम ३०.०५ खालचा फलक परवाना नसलेल्यांना अडवतो, ३०.०७ चा फलक परवानाधारकाला उघड पिस्तूल आणण्यास मनाई करतो. आणि दडवून आणणाऱ्या परवानाधारकाला अडवायचे तर ३०.०६ चा वेगळा फलक लागतो. माझी सूचना अशी की पहिले दोन लावावेत आणि तिसरा लावू नये. म्हणजे तुझ्यासारख्या शिकलेल्या, तपासलेल्या माणसाला कोणी दारात थांबवणार नाही, आणि काल विकत घेतलेले पिस्तूल कमरेला लावून आरतीच्या गर्दीत कोणी शिरणार नाही. मुले तबकाभोवती कशी दाटी करतात ते तुला ठाऊक आहे. राज्याने जो नियम सोडून दिला तो आपल्या कार्यक्रमापुरता पाळण्याचा अधिकार आपल्याकडे शिल्लक आहे, आणि तो आपण वापरावा असे मला कळकळीने वाटते.

फलकावर कायद्यातलाच मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत आणि पार्श्वभूमीवर उठून दिसेल अशा रंगात हवा. छपाईचे काम मी करतो आणि सभागृहाच्या मालकाशी बोलून त्याची संमतीही घेतो. ठराव मात्र तू मांडावास अशी विनंती आहे. पिस्तूल न बाळगणाऱ्या माझ्यासारख्याने मांडला तर त्यात लोकांना भीती दिसेल. परवानाधारकाने मांडला तर ते ऐकून घेतील. व्हिसावरच्या मुलांसाठी चार ओळींची सूचना तयार केली आहे, ती सोबत जोडतो. ती वाच, काही राहिले असेल तर भर घाल आणि तुझ्या नावाने गटावर टाक. तुला माझे म्हणणे पटले नाही तर पुढच्या बैठकीपूर्वी तसे कळव; मी शनिवारी दुपारी पेअरलँडला येईन आणि समोरासमोर बोलू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध